पासंग

वजनांच्या पारड्याखाली
जाळ्याचं शिसं चिकटवलेलं होतं.
एक गोळी. बोराएवढी.
डांबरानं पक्की बसलेली.
हाताला इतकी सवय की ती आहे
हे मीही विसरायचो,
रविवारी तर हमखास.

अकरा वर्षं.
न्खाता बेच्या उत्तरेला, सरोवराच्या काठी,
बांबूच्या माच्यांवर उसिपा वाळते,
बोटभर मासळी, चांदीच्या किसासारखी.
पहाटे बाया टोपल्या घेऊन रांग लावायच्या,
पाठीवर चितेंजेत बांधलेली पोरं.
पाच किलो असायची.
मी म्हणायचो, सव्वाचार.
वर म्हणायचो, देवाची कृपा, आज बरी निघाली.

पकडलं कुणीच नाही.
नातीनं पारडं पालथं घातलं, ढोल म्हणून,
आणि बडवता बडवता थांबली.
"आजोबा, हे कुणी चिकटवलं?"
म्हटलं, माहीत नाही.
साठाव्या वर्षी, पाच वर्षांच्या पोरीशी.
त्या रात्री सरोवराचा आवाज
उशीखालून येत राहिला.

वडील लोंग्वे यांच्या ओट्यावर गोळी ठेवली.
त्यांनी ती उचलून तळहातावर तोलली,
बराच वेळ.
"एवढीच?" म्हणाले.
मग आत जाऊन माझ्यासाठी पाणी आणलं.

तीन महिने मागचा बाक.
दाराशेजारचा, जिथं कोंबड्या येतात.
प्रभुभोजनाचं ताट यायचं, माझ्या पुढून जायचं,
लाल पेले एकमेकांवर किणकिणायचे.
होडीचं इंजिन विकलं.
शाळेच्या वहीत हिशेब मांडायला बसलो,
कुणाची किती टोपली, कुठल्या वर्षी,
आकडे लागेनात.
चोरी करताना मी कधी मोजलंच नव्हतं.

मग तो रविवार.
मंडळीसमोर उभा राहिलो, गोळी मुठीत.
पाठ केलेलं भाषण पहिल्याच वाक्याला तुटलं.
एवढंच आलं:
तुमचं मी खाल्लं.
पत्र्याच्या छपरावर कावळा चालत होता
तेवढंच ऐकू येत होतं.

न्यामफांडे उठली. पांढरं पोलकं, डोक्याला पांढरा रुमाल,
महिला मंडळाची सगळ्यात म्हातारी.
"मला माहीत होतं," म्हणाली.
"म्हणून मी टोपलीच्या तळाला
ओली वाळू घालायची.
मुठभर. कधी दोन मुठी."
आणि मग, जरा ओशाळून,
"माझीही कबुली लिहून घ्या."

हसू आधी लहान मुलांच्या बाकावर फुटलं.
मग सगळीकडे.
वडील लोंग्वे चष्मा काढून डोळे पुसत राहिले.
मी हसत होतो की रडत होतो
ते मला आजही सांगता येणार नाही.

हात मिळवायला रांग लागली.
खरखरीत हात, खवल्यांचे हात,
एका हाताला अजून वास होता.
माझं उभं आयुष्य पुढच्या बाकावर गेलं, दानपेटीच्या शेजारी.
त्यातलं सारं पुण्य या एका गोळीच्या
पासंगालाही पुरलं नसतं.
आणि हे लोक तर वजनच करत नव्हते.

मासोझी तेवढा आला नाही.
खांबाला टेकून, हात खिशात.
न्यासोकोचा मुलगा.
त्या पावसाळ्यात तिला दवाखान्यात न्यायला
होडीचं भाडं कमी पडलं होतं.
किती कमी, ते त्याला माहीत आहे.
मलाही.
वाळूची गोष्ट ऐकून तो हसला नव्हता.

मी हात पुढे केला.
पुढच्या रविवारीही. त्याच्या पुढच्याही.
रुसलो नाही.
मला सगळ्यांनी क्षमा केली,
म्हणून त्यानंही करावी असं नाही.
ते पुन्हा काट्यात मारणं झालं असतं.

परवा पहाटे जाळं जड आलं होतं,
चौघांना ओढवेना.
मी काठावरून चाललो होतो.
मासोझीनं माझ्याकडे पाहिलं नाही.
दोराचं ओलं टोक
माझ्या पायाशी फेकलं, म्हणाला,
"ओढ."